क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप बंद पडलं, आता संत्रा नोंदणीचं पोर्टल कशावर न्यायचं?

मोर्शी तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे. (रिअ‍ॅक्ट ही वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे तिच्यात प्रकल्प सुरू करून देणारं साधन; नेक्स्ट, स्वेल्ट, अँग्युलर ही फ्रेमवर्कं, म्हणजे पोर्टल बांधायचे तयार सांगाडे.) प्रश्न थोडक्यात असा: "भाऊ, मी आमच्याकडच्या संत्रा उत्पादक कंपनीसाठी २०२२ मध्ये नोंदणीचं पोर्टल बनवलं. शेतकरी त्यात बाग किती एकर, झाडं किती, बहार आंबिया का मृग, माल किती निघंल ते भरतात आणि बागेचा फोटो टाकतात. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवर केलं होतं. आता ते बंद झालं म्हणून राहिले. यूट्यूबवर म्हणतात नेक्स्ट शिका, कोणी म्हणते स्वेल्ट, पुण्याच्या जाहिरातीत अँग्युलर मागतात. दर सहा महिन्यांनी सगळं बदलून राहिलं. मी मागं पडलो का? सगळं नव्यानं लिहू का?"

नव्याने लिहू नको. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमधून मात्र बाहेर पड, ते काम दोन-चार संध्याकाळचं आहे. नेक्स्टच्या नादी लागू नको, निदान या पोर्टलसाठी तरी. कारणं सांगतोच, पण त्याआधी एक शोध घे, कारण बाकीचं उत्तर त्यावरच ठरेल: तुझे शेतकरी कोणत्या क्रोमवर पोर्टल उघडतात?

आपल्याकडे फोन घरात खाली सरकतो. पोरगा शिकायला नागपूरला गेला की नवा घेतो, त्याचा जुना बापाच्या खिशात येतो. तुझा फॉर्म भरणारा माणूस हा बापच आहे. आणि गूगलने जुन्या अँड्रॉइडवरचा क्रोम टप्प्याटप्प्याने थांबवत आणला आहे. अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ च्या पुढे जात नाही. अँड्रॉइड ७ वर ११९ ला थांबतो. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी १३८ शेवटचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं. १०६, ११९, १३८ हे तीन आकडे पाठच करून टाक. शिवाय फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली असली की नव्या फोनवरही क्रोम अपडेट होत नाही, ते वेगळंच.

शोधायचं कसं? सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदीत) युजर एजंट, म्हणजे ब्राउझरने दिलेली स्वतःची ओळख, येतो, त्यातला क्रोमचा मुख्य आकडा मोज. तेवढाच. अँड्रॉइडच्या आकड्यावर जाऊ नको. खाजगीपणा जपण्यासाठी क्रोमने २०२३ मध्ये, ११० व्या आवृत्तीपासून, सगळ्या फोनचा अँड्रॉइड '१०' आणि मॉडेल 'के' असं सांगायला सुरुवात केली. लॉग पाहून "आपल्या सगळ्या शेतकऱ्यांकडे अँड्रॉइड १० आहे" असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात. एक महिन्याचा लॉग पुरे. आंबियाची तोडणी सुरू असतानाचा मिळाला तर उत्तम, तेव्हा गर्दी खरी असते.

आता हे आकडे हातात धरून नवीन गोष्टींकडे पाहू.

टेलविंडपासून, म्हणजे पान सजवायच्या तयार सीएसएसपासून, सुरू करतो, कारण तिथे मार सगळ्यात जोरात बसतो. टेलविंडची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. तिला क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२८ किंवा पुढचं लागतं. तिचे ठरलेले रंग आता ओकेएलसीएच या रंग लिहायच्या नव्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि क्रोम १०६ ला ते कळत नाहीत. परिणाम काय होतो ते पाहा: हिरव्या बटणाची पार्श्वभूमी उडते, पण बटणावरची पांढरी अक्षरं पांढरीच राहतात, कारण पांढरा साध्या पद्धतीने लिहिलेला असतो. पांढऱ्यावर पांढरं. बटण जागेवर आहे, दाबलं तर चालतंही, फक्त दिसत नाही. परतवाड्याकडच्या एका दूध संकलनाच्या पोर्टलवर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास, आणि गावातला माणूस म्हणतो "नोंद कराचं बटनच नाही ना बावा". त्याचं बरोबर होतं. टेलविंडवाले स्वतःच सांगतात, जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर ३.४ वर थांबा. लॉगमध्ये १११ च्या खालचे लोक निघाले तर थांब, त्यात कमीपणा काही नाही.

आता क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप. १४ फेब्रुवारी २०२५ ला रिअ‍ॅक्टच्या चमूने ते अधिकृतपणे निवृत्त केलं. सांगितलं असं की एखादं फ्रेमवर्क घ्या, किंवा व्हीट, पार्सल, आरएसबिल्ड यांसारखं बिल्ड साधन (कोडपासून ब्राउझरला द्यायच्या फाइली तयार करणारं) घ्या. यूट्यूबवर पहिला अर्धाच भाग पोचला. तुझ्यासाठी दुसरा अर्धा आहे: व्हीट घे.

काम काय पडेल? पब्लिक फोल्डरमधली इंडेक्स फाइल बाहेर, प्रकल्पाच्या मुळाशी आणावी लागते. पर्यावरण चलांच्या (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्ज) नावांपुढे 'रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हा उपसर्ग होता, तो 'व्हीट' होतो, आणि ती वाचायची पद्धतही बदलते. जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं एचटीएमएलसारखं) असलेल्या फाइलींचं एक्स्टेन्शन जेएसएक्स करावं लागतं. तयार माल 'बिल्ड' ऐवजी 'डिस्ट' फोल्डरमध्ये पडतो. हे शेवटचं लोक हमखास विसरतात: होस्टिंगवर जुनंच 'बिल्ड' फोल्डर चढत राहतं आणि "बदल दिसून नाही राहिले" म्हणत बसतात. व्हीट ७ ला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचा लागतो, ते आधी तपास.

आणि इथेही तो आकडा आडवा येतो. व्हीटची सातवी आवृत्ती जून २०२५ मध्ये आली तेव्हा तिने ठरलेलं लक्ष्य (बिल्ड टार्गेट), म्हणजे तयार कोड किमान कोणत्या ब्राउझरवर चालावा तो आकडा, क्रोम ८७ वरून १०७ वर नेलं. १०७! अँड्रॉइड ६ वाला १०६ वर अडकलेला आहे, एका आकड्याने बाहेर पडला. म्हणून बिल्ड टार्गेट स्वतःच्या हाताने खाली लिही, कारण ठरलेलं लक्ष्य प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर वर सरकणार आहे. हे टार्गेट फक्त भाषेची मांडणी जुनी करून देतं. ब्राउझरमध्ये नसलेली सोय आणून देत नाही, तिच्यासाठी पॉलिफिल, म्हणजे ती उणीव भरणारा जादा कोड, वेगळा लागतो.

रिअ‍ॅक्टची १९ वी आवृत्ती डिसेंबर २०२४ पासून स्थिर आहे. जायला हरकत नाही, पण थेट उडी मारू नको. आधी १८.३ वर ये. ती आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये मुद्दाम यासाठीच काढली होती, १९ मध्ये जे मोडणार आहे त्याचे इशारे ती कन्सोलमध्ये देते. तुझ्या २०२२ च्या कोडमध्ये फंक्शन कंपोनंटवर (पानाच्या तुकड्यांवर) डिफॉल्टप्रॉप्स, म्हणजे काही दिलं नसेल तर धरायची मूल्यं, नक्की सापडतील. १९ मध्ये ते काढून टाकले आहेत, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. म्हणजे बहार निवडला नसेल तर "आंबिया" धर असं तू डिफॉल्टप्रॉप्समध्ये लिहिलं असशील, तर १९ वर तिथे 'अनडिफाइन्ड' येईल आणि डेटाबेसमध्ये बहार रिकामा पडत राहील. कुणाच्या लक्षात येईल तेव्हा हंगाम संपलेला असेल. प्रॉपटाइप्सची (दिलेलं मूल्य योग्य प्रकारचं आहे का याची) तपासणीही १९ मुकाट्याने दुर्लक्षित करतं.

१९ मधली तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे फॉर्म अ‍ॅक्शन. फॉर्मला थेट फंक्शन द्यायचं, आणि "पाठवणं चालू आहे" ही स्थिती यूजअ‍ॅक्शनस्टेट तुला देतो. शिवारात रेंज एक काडी असते, माणूस बटण पाच वेळा दाबतो आणि एकाच बागेच्या पाच नोंदी होतात. पाठवणं चालू असताना बटण बंद ठेवलं की हे बरंचसं थांबतं. पूर्ण थांबवायचं असेल तर फॉर्म उघडतानाच फोनमध्ये एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा क्रमांक, तयार कर, नोंदीबरोबर पाठव आणि सर्व्हरवर तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नोंद करू नको. हे शहाणपण कुठल्याही फ्रेमवर्कच्या आधीचं आहे.

फॉर्म अ‍ॅक्शनमध्ये एक खोड आहे. फंक्शन यशस्वी झालं की रिअ‍ॅक्ट फॉर्ममधल्या अनकंट्रोल्ड (ज्यांचं मूल्य रिअ‍ॅक्ट स्वतः सांभाळत नाही अशा) रकान्यांना आपोआप कोरं करतं. "गट क्रमांक चुकला" असा संदेश तू परत पाठवलास तरी रिअ‍ॅक्टच्या लेखी फंक्शन यशस्वीच, कारण त्याने एरर फेकला नाही. शेतकऱ्याने दहा मिनिटं टिचकत भरलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून चूक सांगणाऱ्या संदेशाबरोबर भरलेली माहितीही परत दे आणि डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणून लाव.

रिअ‍ॅक्ट कंपायलर ऑक्टोबर २०२५ मध्ये १.० झाला. तेच काम पुन्हापुन्हा होऊ नये म्हणून यूजमेमो, यूजकॉलबॅक हाताने लिहायची कटकट तो बरीच कमी करतो. चांगला आहे, सावकाश लाव. पण तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी तू एकाच ड्रॉपडाउनमध्ये काढत असशील तर कंपायलर तुला वाचवणार नाही, ती यादीच लहान कर. गूगल मार्च २०२४ पासून पान किती चटकन प्रतिसाद देतं ते आयएनपी या मापाने मोजतं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. तुझ्या लॅपटॉपवर हे माप नेहमीच चांगलं येईल. तालुका निवडला की मग त्यातली गावं, साध्या सिलेक्ट टॅगमध्ये, एवढं केलं तरी जुन्या फोनवर फरक हाताला जाणवतो.

नेक्स्ट का नको म्हणालो? ते वाईट आहे म्हणून नाही. बातम्यांचं पोर्टल, दुकान, गूगलवर सापडायला हवी अशी पानं असतील तर मी स्वतः घेतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १६ व्या आवृत्तीत टर्बोपॅक ठरलेला बिल्डर झाला आणि बिल्ड चांगलंच वेगवान झालं. पण नेक्स्टची सगळी गंमत सर्व्हर कंपोनंट्समध्ये (सर्व्हरवरच चालणाऱ्या पानाच्या तुकड्यांत) आहे, म्हणजे तुला चोवीस तास चालणारा नोडचा सर्व्हर सांभाळावा लागतो. ३ डिसेंबर २०२५ ला रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये एक भोक जाहीर झालं, गंभीरता १० पैकी १०. लॉगिन न करता, बाहेरून एक विनंती पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. नेक्स्टची अ‍ॅप राउटरवाली (पानं मांडायची नवी पद्धत वापरणारी) पोर्टलं त्यात सापडली. दुरुस्ती रिअ‍ॅक्ट १९.०.१, १९.१.२ आणि १९.२.१ मध्ये त्याच दिवशी आली, पण ती स्वतःच्या सर्व्हरवर त्याच दिवशी चढवणारा माणूस लागतो. तुझ्या कंपनीत तो माणूस तूच, आणि डिसेंबरमध्ये तू तोडणीच्या नोंदी घेत फिरत असशील. ज्यांचं रिअ‍ॅक्ट फक्त ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हरवर नुसत्या फाइली पडलेल्या असतात, त्यांना या भोकाचा त्रास नव्हता. व्हीटवर गेलास की तुझं पोर्टल याच गटात राहतं.

अपडेट म्हटलं की लोक नवी सोय पाहतात; मी आधी सुरक्षेची दुरुस्ती आहे का ते पाहतो. ती असेल तर आजच, नसेल तर हंगाम सरल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग ही एनपीएम या पॅकेजच्या भांडारातली अतिशय वापरातली पॅकेजेस काही तास विषारी झाली होती (त्यांत घातक कोड घुसवला होता), म्हणजे घाईने अपडेट घेणंही दर वेळी शहाणपणाचं नसतं. लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये ठेव आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी त्या यादीतल्याच आवृत्त्या घेणारं 'एनपीएम सीआय' चालव.

"सगळं बदलून राहिलं" हे तुझं म्हणणं फ्रेमवर्कपुरतं खरं आहे. अँग्युलरजेएसचा आधार २०२१ अखेर संपला, व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. ब्राउझरच्या मानकांचं उलट आहे: तिथे भर पडत जाते, जुनं सहसा काढत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला साधा फॉर्म आजही चालतो. म्हणून शिकायला वेळ थोडा असेल तर तो आधी एचटीएमएल आणि सीएसएसला दे.

तिथे काय नवीन आहे ते समजायला २०२३ पासून 'बेसलाइन' नावाची खूण आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांत एखादी सोय आली की ती 'नवी उपलब्ध', आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. खूण कामाची आहे, पण ती कॅलेंडर पाहून दिलेली आहे, मोर्शीतला फोन पाहून नाही. तेव्हा बेसलाइन पाहायची आणि मग आपले तीन आकडे लावायचे. कंटेनर क्वेरी (चौकटीच्या रुंदीप्रमाणे सजावट) आणि 'हॅज' सिलेक्टर (आत काय आहे ते पाहून सजावट) दोन्ही क्रोम १०५ मध्ये आले, म्हणजे १०६ वरही चालतात, बिनधास्त वापर. पानावर खिडकी उघडणारा डायलॉग टॅग क्रोममध्ये तर फार जुना आहे आणि मार्च २०२२ पासून सगळीकडे आहे. "नोंद पक्की करायची का?" या एका खिडकीसाठी तू मोडलची आख्खी लायब्ररी आणली असशील, ती काढून टाक, मागचं पान झाकणं, फोकस आत ठेवणं हे ब्राउझर स्वतः करतो. पॉपओव्हर (दाबल्यावर वर उघडणारी छोटी चौकट) क्रोम ११४ चा आहे, म्हणजे ११९ वर चालतो आणि १०६ वर नाही. तिथे तो लपतच नाही, मदतीचा मजकूर पानावर उघडाच पडून राहतो. दिसायला गबाळं, पण काम अडत नाही, मी चालवून घेईन. अँकर पोझिशनिंग (अशी चौकट बटणाला चिकटवून मांडणं) १२५ चं, म्हणजे फक्त १३८ वाल्यांना आणि नव्या फोनना. तारखांसाठी टेम्पोरल ही छान नवी सोय क्रोम १४४ मध्ये आली, म्हणजे अँड्रॉइड ८-९ च्या फोनना ती पॉलिफिलशिवाय कधीच मिळणार नाही.

मराठीच्या बाबतीत मात्र ब्राउझरमध्ये आधीच खूप काही आहे आणि आपले लोक वापरत नाहीत. पानाची भाषा 'एमआर' अशी लिही. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे ल आणि श त्यानेच उमटतात, नाही तर हिंदी वळणाचे येतात. ब्राउझरमधल्या इंटल या सोयीच्या नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' दिलं की १,२५,००० असे देवनागरी अंक लाख-हजाराच्या स्वल्पविरामासह फुकट मिळतात. उलट बाजूला खड्डा आहे. शेतकरी मराठी कीबोर्डवरून झाडं "३५०" लिहितो, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्यावर 'नॅन' (ही संख्या नाही) देतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर तपासायच्या नमुन्यातला) अंकांचा ठरलेला संकेतही फक्त इंग्रजी अंक ओळखतो. तुझं पोर्टल त्याला सांगतं "कृपया संख्या भरा", आणि तो म्हणतो "मंग हे काय लिवलं?" म्हणून रकाना मजकुराचा ठेव, इनपुटमोड न्यूमेरिक दे म्हणजे अंकांचा कीपॅड उघडेल, आणि तरीही देवनागरी अंक आले तर कोडमध्ये बदलून घे. दहा ओळींचं काम.

रकान्याच्या लांबीची मर्यादा, मॅक्सलेंग्थ, हीही पाहून ठेव. ब्राउझर अक्षरं मोजत नाही, कोड युनिट, म्हणजे मात्रा आणि हलन्तासकट प्रत्येक सुटं चिन्ह, मोजतो. "क्षेत्र" डोळ्याला दोन अक्षरं, ब्राउझरला सात. "अंजनगाव सुर्जी" चौदा भरतं. इंग्रजी नावांचा अंदाज धरून मर्यादा ठेवली असशील तर गावाचं नाव अर्ध्यात तुटतं.

ऑफलाइनचं तू विचारलं नाहीस, पण बागेत रेंज नसते, तेव्हा सर्व्हिस वर्कर (रेंज नसतानाही पान उघडून देणारा) आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस) ही जोडी लाव. दोन्ही जुनी, पक्की मानकं आहेत. नोंद आधी फोनमध्ये साठव, रेंज आली की पाठव, आणि "फोनमध्ये जतन, अजून पाठवलेली नाही" असं ठळक दाखव, नाही तर माणूस समजतो झालं काम. बागेचा फोटो पाठवण्याआधी कॅनव्हासवर लहान करून जेपीईजी कर. आयफोनवाल्यांसाठी एक लक्षात ठेव: सफारी वापरल्याच्या सात दिवसांत तुझी साइट एकदाही वापरली नाही तर असा साठवलेला डेटा पुसला जाऊ शकतो, होम स्क्रीनवर टाकलेल्या अ‍ॅपला तो नियम नाही. सर्व्हिस वर्करची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. तू नवं बिल्ड चढवतोस, सर्व्हरवरच्या जुन्या फाइली पुसतोस, आणि फोनमधलं जुनं पान त्या पुसलेल्या फाइली मागतं. पांढरा पडदा. म्हणून मागच्या एक-दोन बिल्डच्या फाइली सर्व्हरवर राहू दे, आणि व्हीट अशा वेळी जो 'प्रीलोड एरर' इव्हेंट देतं तो पकडून पान एकदा रीलोड कर. एकदाच, नाही तर रीलोडचं चक्र सुरू होईल.

राहिली नोकरी. स्वेल्टची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये रून्स (बदलती माहिती सांभाळायची नवी पद्धत) घेऊन आली, लिहायला मजा येते, पण आपल्याकडच्या जाहिरातींत ते क्वचित दिसतं. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मिहानमधल्या सेवा कंपन्यांत जायचं असेल तर अँग्युलर शीक, आणि जुन्या कोर्सवरून शिकू नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून टेम्प्लेटची मांडणी बदलली, १९ व्या आवृत्तीपासून स्टँडअलोन (एनजीमॉड्यूल या जुन्या गठ्ठ्यात न बांधलेले) कंपोनंट हेच ठरलेले झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २१ व्या आवृत्तीपासून नवीन प्रकल्प झोन.जेएस या बदल टिपणाऱ्या लायब्ररीशिवाय सुरू होतात. एनजीमॉड्यूलने सुरुवात करणारा कोर्स दिसला की बंद कर. अँग्युलरची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते हे ऐकून घाबरू नको. प्रत्येकीला १८ महिने आधार असतो. मुलाखतीला जाताना तुझं हे पोर्टल घेऊन जा, आणि १०६ वर बटण का दिसत नव्हतं ते त्यांना सांग.